फुटपाथवरून किती वेळा उतरलात? दाट वस्ती पायी मोजण्याची रीत

नागपुरातल्या महालातल्या आमच्या गल्लीतून बडकस चौकापर्यंत आई रोज संध्याकाळी पायी जायची. आता जात नाही. गुडघे बरे आहेत, अंतरही तेवढंच आहे. विचारलं तर म्हणते, "अरे, सारखं खालीवर करावं लागते. कोण करून राहिलं तेवढं?" एखादी वस्ती चालायला कशी आहे हे मोजण्यासाठी लोकांनी बरेच निर्देशांक काढले आहेत. माझ्या मते त्यांत न सापडणारं एकक आईच्या या वाक्यात आहे. फुटपाथवर चालायला सुरुवात केली आणि शंभर मीटरमध्ये किती वेळा खाली, गाड्यांमध्ये उतरावं लागलं? मी त्याला 'उतरणी' म्हणतो. या लेखातली सगळी पद्धत तिच्याभोवती बांधली आहे.

तयार पद्धती का नकोत, ते आधी सांगतो. २००७ साली सिएटलमध्ये सुरू झालेला वॉक स्कोअर नकाशावर चालतो. घरापासून दुकान, शाळा, बाग पाच मिनिटांत असेल तर पूर्ण गुण, अर्ध्या तासाच्या पलीकडे शून्य. या हिशेबाने आपली इतवारी जगात भारी ठरेल, कारण सराफा, किराणा, कापड, औषधं, देऊळ सगळं हाकेच्या अंतरावर आहे. दुसरीकडे २००६ च्या सुमारास जागतिक बँकेत तयार झालेला जागतिक चालण्यायोग्यता निर्देशांक आहे. त्यात फुटपाथ, ओलांडण्याची सोय, अडथळे, वाहनचालकांची वागणूक, दिव्यांगांसाठी सोयी अशा नऊ गोष्टींना एक ते पाच गुण देतात. मुख्य रस्त्यांसाठी ही पद्धत बरी आहे. पण जुन्या वस्तीतली दहा फुटी गल्ली, जिथे फुटपाथ कधी नव्हताच, तिला फुटपाथच्या रकान्यात एकच गुण मिळतो. त्याच गल्लीत म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात आणि पोरं मधोमध क्रिकेट खेळतात. एक पद्धत इतवारीला डोक्यावर घेते, दुसरी पायदळी तुडवते. दोघींनीही तिथे पिशवी घेऊन चालून पाहिलेलं नसतं.

हद्द आखताना कंपास वापरू नका

एक केंद्र निवडा. शाळा, बाजार, मेट्रो स्टेशन, काहीही चालेल. पहिल्यांदा करत असाल तर सेंट्रल अव्हेन्यूवरचं अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक स्टेशन घ्या. तिथे उतरलेला माणूस महाल-इतवारीच्या पोटात पायी शिरतो की ऑटो शोधतो, हा प्रश्न आयताच समोर येतो.

पाच मिनिटांची चाल म्हणजे साधारण ४०० मीटर. नकाशावर ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं की ५० हेक्टर होतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण माणूस घरांच्या भिंतींतून जात नाही. केंद्रापासून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्याने ४०० मीटर चाला, जिथे संपेल तिथे खूण करा आणि सगळ्या खुणा जोडा. तयार होणारा वेडावाकडा आकार ही तुमची खरी हद्द. तिचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या किती टक्के भरतं ते काढा. हा पहिला आकडा. काटकोनात आखलेल्या अगदी आदर्श रस्त्यांच्या जाळ्यातही हा आकडा ६४ टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळे पन्नासच्या आसपास आला तर नाराज होऊ नका. नागनदी किंवा रेल्वेचे रूळ मध्ये आले की मात्र तो कोसळतो. नदीपलीकडची बाई तुम्हाला हात करते, पण तिच्या दारात जायला पुलापर्यंत वळसा घालावा लागतो. असे दोन-तीन वळसे वेगळे नोंदवा: प्रत्यक्ष चाललेलं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. दीडपेक्षा जास्त आलं तर तिथे पादचारी पुलाची मागणी करायला जागा आहे.

आता दाटी. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत २४ लाखांवर लोक होते आणि हद्द सुमारे २१८ चौरस किलोमीटर होती. म्हणजे हेक्टरी ११० माणसं. हा आकडा महालासाठी कुचकामी आहे, कारण त्यात विमानतळ, तलाव आणि मोकळी मैदानंही भागीदार आहेत. संयुक्त राष्ट्रांची वसाहतीविषयक संस्था चांगल्या शहरी वस्तीसाठी हेक्टरी किमान १५० माणसं आणि चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते असावेत असं सांगते. तुमच्या हद्दीसाठी जनगणनेतले वॉर्डाचे आकडे घ्या आणि ते जुने झालेत असं वाटलं तर विजेचे मीटर मोजा. जिन्याखाली ओळीने लावलेले असतात. दुकानांचे वगळा आणि घरटी चार-साडेचार माणसं धरा. तीन इमारतींत दार ठोठावून पडताळून पाहा. अंदाजच तो, पण शहराच्या सरासरीपेक्षा कितीतरी खरा.

तुकडे पाडणं

एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत एक तुकडा. १५० मीटरहून लांब असेल तर मधे तोडा. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या धरा, कारण एका बाजूला बँका आणि दुसऱ्या बाजूला भाजी असली की दोन्हीकडचं चालणं दोन गावांसारखं वेगळं असतं. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा छापून घ्या. जुन्या भागातल्या कित्येक बोळी त्यात नसतात, त्या पेनाने काढा आणि नंतर जमल्यास ऑनलाइन नकाशातही टाका.

साहित्य फार लागत नाही. पाच मीटरचा टेप, खडू, स्टॉपवॉच असलेला फोन, पॅड आणि भाजीची दोन चाकांची ओढायची पिशवी. ती पिशवी विसरू नका. पाच किलो बटाटे भरा आणि सोबत ओढा. जिथे पिशवी अडते तिथे व्हीलचेअर अडते आणि बाबागाडीही. काम जोडीने करा. एक मोजेल, दुसरा लिहील आणि गाड्यांकडे लक्ष ठेवेल. टेप धरून रस्त्यात वाकलेल्या माणसाच्या मागे उभं राहणारं कुणीतरी हवंच.

माझा पहिला प्रयत्न फसला तो वेळेमुळे. उत्साहात रविवारी सकाळी सात वाजता बाहेर पडलो. फुटपाथ रिकामा, दुकानं बंद, एकही गाडी लावलेली नाही. सगळ्या तुकड्यांना भरघोस गुण पडले. संध्याकाळी सात वाजता तीच यादी घेऊन गेलो तर निम्म्या ठिकाणी फुटपाथ दिसलाच नाही. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक तुकडा किमान तीनदा. सकाळी नऊ ते दहा, दुपारी एक ते दोन आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ. ज्या शहरातल्या वस्त्यांना इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी अशी बाजाराच्या वारांची नावं आहेत, तिथे वार न पाहता मोजणी करणं म्हणजे थट्टाच. जवळच्या आठवडी बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस, दोन्ही घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचा दिवस टाळा. त्या दिवशी सगळा रस्ता माणसांचाच असतो आणि आकडे काही सांगत नाहीत. पण बघायला नक्की जा. इडापिडा घालवायला "घेऊन जा गे मारबत" म्हणताना एकदा वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्यांचंही नाव घ्या.

मुख्य रस्त्यावर काय मोजायचं

उतरणी सगळ्यात आधी. फुटपाथच्या एका टोकाला उभे राहा आणि पिशवी ओढत सहज चालत निघा. मुद्दाम अडथळ्यांतून घुसू नका, रोज चालता तसंच चाला. जिथे खाली उतरावं लागलं तिथे एक रेघ ओढा आणि कारण लिहा. कारणांचे तीन गट पाडा. कायमचे: विजेचा खांब, डीपी (विजेची मोठी पेटी), झाड, बसथांबा, उघडं गडरचं म्हणजे गटाराचं झाकण, नालीवरची फुटलेली फरशी. अर्धे कायमचे: दुकानाचा उतार, पायरी, बाहेर ठेवलेला बोर्ड, जनरेटर. हलते: लावलेल्या गाड्या, ठेले, बांधकामाची रेती. पुढे कुणाकडे जायचं ते या गटांवरूनच ठरतं, म्हणून आळस करू नका. शेवटी उतरण्यांची संख्या भागिले लांबी, गुणिले शंभर.

दुसरी गोष्ट रुंदी, आणि ती सरासरी नव्हे, सगळ्यात अरुंद जागेची. फुटपाथ दहा फुटी असून मधे एका डीपीपाशी दीड फूट उरत असेल तर तो दीड फुटांचाच फुटपाथ. भारतीय रोड काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका, आयआरसी १०३ ची २०१२ ची आवृत्ती, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची मागते. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांना जेमतेम इंचभर कमी. दुकानासमोर माल बघत उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आणखी अर्धा ते एक मीटर सोडायचा असतो, तो या रुंदीत धरायचा नाही. उंची मोजायला कुणी विसरतं, पण ताडपत्रीचे बांबू आणि एसीचे डबे नेमके कपाळाच्या पातळीवर असतात.

कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. हाताची वीत लावा. फुटपाथ वीतभर किंवा जास्त उंच असेल तर म्हातारं माणूस त्यावर चढणार नाही, रस्त्यानेच जाईल, मग वरचे गट्टू (सिमेंटचे ठोकळे) कितीही सुंदर असोत. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांनी याची उलटी बाजूही दाखवली आहे: रस्ता वर आला, घरं आणि फुटपाथ खड्ड्यात गेले. अशा ठिकाणी उंची उणे चिन्हाने लिहा आणि जुलैत पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. साचलेलं पाणी ही पावसाळ्यातली सगळ्यात मोठी उतरणी.

मग ओलांडणं. चौकात उभं राहून दहा वेगवेगळ्या माणसांना किती सेकंद थांबावं लागलं ते मोजा आणि मधला आकडा घ्या. सिग्नल असेल तर पादचाऱ्यांना मिळणारा वेळ मोजा. आखणी करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १२ मीटरचा रस्ता दहा सेकंदांत. आईसारखं माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतं, तिला पंधरा लागतात. उरलेल्या पाच सेकंदांत मोटरसायकली सुटलेल्या असतात.

दोन चौकांच्या मधे झेब्रा मागायचा असेल तर एक सूत्र हाताशी ठेवा. गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हे उत्तर १० कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्यावर २० कोटींच्या वर गेलं तर ओलांडण्याची सोय द्यायला हवी, असा आयआरसीचा निकष आहे. समजा तासाला ६०० माणसं आणि ५०० वाहनं. ५०० चा वर्ग अडीच लाख, गुणिले ६०० म्हणजे १५ कोटी. दुभाजक नसेल तर तुमचं म्हणणं इथेच सिद्ध झालं. या मोजणीसाठी सबंध तास उभं राहिलात तर उत्तम. पंधरा मिनिटं मोजून चारने गुणणं चालतं, पण शाळा सुटतानाची पंधरा मिनिटं घेऊन चारने गुणू नका, ती फसवणूक होते.

गल्ल्यांचा कागद वेगळा

बारा-पंधरा फुटांपेक्षा अरुंद रस्त्यावर फुटपाथ नाही म्हणून गुण कापू नका. तिथे प्रश्न एकच असतो: माणसं आणि गाड्या एकाच पट्ट्यात असताना कोण कुणाला जागा देतं?

वेग मोजा. खडूने २५ मीटर अंतरावर दोन खुणा करा. गाडी एका खुणेवरून दुसरीवर तीन सेकंदांत पोचली तर तिचा वेग ताशी ३० किलोमीटर, १.८ सेकंदांत पोचली तर ताशी ५०. तिसाच्या वेगाला धडक बसलेला माणूस बहुतेकदा वाचतो, पन्नासाला ती आशा झपाट्याने कमी होते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पादचारी होते. गल्लीतल्या वीस गाड्या मोजा आणि किती गाड्यांनी तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ घेतला तेवढंच लिहा. गाडीचा नंबर किंवा चालवणाऱ्याचा फोटो नको, तुम्ही पोलीस नाही.

नंतर लावलेल्या गाड्या वगळून उरलेली रुंदी घ्या. व्हीलचेअरला अडचण न होता जायला सव्वा मीटर तरी हवं, गाड्या येत-जात असतील तर त्याहून बरंच जास्त. शेवटची नोंद अगदी अशास्त्रीय वाटेल, पण मला ती सगळ्यात विश्वासाची वाटते: संध्याकाळी सहा वाजता ओट्यावर किती माणसं बसली आहेत आणि दहा वर्षांखालची किती मुलं मोठ्या माणसाशिवाय रस्त्यात आहेत. वेग वाढला की सगळ्यात आधी हीच दोन माणसं गायब होतात.

ऊन आणि अंधार

नागपुरात नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दुपारी एक वाजता चाला. प्रत्येक तुकड्याच्या लांबीपैकी किती भागावर सावली आहे ते पावलांनी मोजा: सावलीतली पावलं भागिले एकूण पावलं. झाड, छज्जा, ताडपत्री, सगळं धरा. एक गंमत लक्षात येईल. सावली म्हणून जुनी अरुंद गल्ली नव्या रुंद रस्त्याला सहज हरवते, कारण दोन्हीकडची घरं एकमेकांवर सावली धरतात. पाण्याची सोय आणि बसायला कट्टा किती अंतरावर आहे तेही टिपा. पानठेल्यासमोरचा बाक चालेल.

रात्री नऊनंतर एक फेरी, आणि ती फक्त पुरुषांनी करू नका. जोडीतली बाई जिथे पावलं भराभर उचलू लागते तिथे खूण करा, दिवा चालू असो वा बंद. दिव्यांची संख्या मोजून ही गोष्ट कळत नाही. अनेकदा ती खूण ठेला उठून गेलेल्या जागीच पडते.

म्हणूनच ठेल्यांबद्दल सांगायला हवं. कागदावर ठेला म्हणजे अडथळा. पण चालणारा माणूस त्या रस्त्यावर येतो तोच कधीकधी ठेल्यासाठी, आणि रात्री तिथला उजेड आणि माणूस हाच बंदोबस्त असतो. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा त्यांच्या उपजीविकेला संरक्षण देतो. माझ्या तक्त्यात ठेल्याला दोन रकाने आहेत: वाट अडवतो का, आणि रात्री सोबत करतो का. टेप घेऊन गेलात की विक्रेत्यांना वाटतं अतिक्रमणवाले आले. आधी जाऊन बोला, चहा घ्या, काय करताय ते सांगा. तेच तुम्हाला सांगतील की पाणी कुठे साचतं आणि कुठे माणसं पडतात.

गुणांची बेरीज, आणि तिच्यातली मेख

मोजायला निघण्यापूर्वी सगळ्या जोड्यांनी एकच तुकडा स्वतंत्रपणे मोजावा आणि निकाल ताडून पाहावेत. एकाला पाच उतरण्या आणि दुसऱ्याला दोन दिसल्या तर व्याख्या पुन्हा लिहा. 'एक पाय खाली ठेवला' ही उतरणी का? आम्ही हो धरली.

मग प्रत्येक तुकड्याला शंभरपैकी गुण द्या. मुख्य रस्त्यासाठी मी उतरणीला ३५, अरुंद जागेला २०, ओलांडण्याला २०, सावलीला १५ आणि रात्रीला १० देतो. गल्लीत वेगाला ४०, उरलेल्या रुंदीला २५, सावली आणि रात्रीला मिळून २०, ओट्याला १५. हे वजन तुम्ही बदला, फक्त मोजणी सुरू होण्याआधी बदला.

इथे बहुतेक पाहण्या घसरतात. सगळ्या तुकड्यांची लांबीनुसार सरासरी काढतात. समजा ३०० मीटरच्या बाजाराच्या तुकड्याला ३० गुण आहेत आणि तासाला ९०० माणसं चालतात. ७०० मीटरच्या शांत रस्त्याला ७० गुण आणि तासाला ६० माणसं. लांबीनुसार सरासरी ५८, म्हणजे वस्ती बरी. आता गुणांना लांबी गुणिले माणसं असं वजन द्या. सरासरी ३५ येते. चालणाऱ्या माणसाला भेटणारी वस्ती ही ३५ वाली आहे. दाट वस्तीत हा फरक नेहमीच मोठा पडतो, कारण माणसं थोड्याच रस्त्यांवर एकवटलेली असतात.

पण या वजनालाही एक भोक आहे. जिथे चालणं नकोसं आहे तिथे माणसं चालतच नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून तो तुकडा हिशेबात हलका होतो. आई ज्या रस्त्यावर जात नाही, तिथे ती मोजली कशी जाणार? म्हणून माणसं मोजताना चार खुणा ठेवा: पुरुष, बाई, मूल, म्हातारं. जिथे म्हातारी आणि मुलं जवळजवळ शून्य आहेत, असे तुकडे सरासरीत न घालता वेगळ्या यादीत लिहा. मग त्या तुकड्याशेजारच्या दहा घरांत जाऊन विचारा, की पूर्वी पायी जात होतात आणि आता सोडलं असं ठिकाण कोणतं.

कागद कुणाच्या टेबलावर

एका मोठ्या अहवालाचं ओझं करू नका. कारणांचे गट आहेत, त्याप्रमाणे चार-पाच पानी वेगवेगळे कागद करा. फुटलेली फरशी, गट्टू, उघडं झाकण, दुकानाचा उतार, बंद दिवा हे महापालिकेच्या झोन कार्यालयात. महाल-इतवारीचा बराचसा भाग गांधीबाग झोनमध्ये मोडतो, पण तुमचा तुकडा कोणत्या झोनमध्ये आहे हे नकाशावर आधी पाहा, नाहीतर दोन चकरा फुकट जातात. खांब आणि डीपी महावितरणकडे. सिग्नलची सेकंदं आणि लावलेल्या गाड्या वाहतूक पोलिसांकडे. स्टेशनच्या जिन्याखालचे तुकडे मेट्रोकडे. प्रत्येक तक्रारीला तुकड्याचा क्रमांक, फोटो, तारीख आणि उतरण्यांचा आकडा लावा. नगरसेवकाला सगळ्याची एक प्रत द्या आणि वरच्या पानावर फक्त सगळ्यात वाईट पाच तुकडे ठेवा. पाचपेक्षा जास्त कुणी वाचत नाही.

सहा महिन्यांनी तेच तुकडे, त्याच वाराला, त्याच वेळी, तीच पिशवी घेऊन पुन्हा चाला. आम्ही मागच्या खेपेला आईला सोबत नेलं. बटाट्यांची पिशवी तिच्याच हातात होती. बडकस चौकापर्यंत तिने अकरा रेघा ओढल्या, माझ्या कागदावर सात होत्या. आता तिचाच आकडा धरतो.